ठिगळाशेजारचं कापड

४ फेब्रुवारी

पडदा मिळाला! आपल्यालाच मिळाला! बंद पडलेलं नाट्यगृह पुन्हा उघडतंय आणि त्याचा मोठा पडदा मी शिवायचा. डावं-उजवं अशी दोन पाखी, गडद लाल मखमल, मागे अस्तर, खालच्या दुमडीत साखळी. सोफे झाले, गाद्या झाल्या, मोटारींच्या सीटा झाल्या, एका दंतवैद्याची खुर्चीसुद्धा झाली — पण पडदा! आमचं अख्खं घर त्यात गुंडाळून वर गाठ मारता येईल एवढा.

मॅनेजर स्वतः आला होता. गोल चेहरा, कपाळाला घाम, प्रत्येक वाक्याच्या शेपटाला "होऊन जाईल ना?" मी त्याचं नाव होऊनजाईल ठेवलंय. "बाई, बावीस मार्चला उद्घाटन. होऊन जाईल ना?" मी नुसती मान हलवली. बोलले असते तर त्याला अर्धं कळलं नसतं. गालाचं ऑपरेशन झाल्यापासून माझं बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं येतं. म्हणून तर हे लिहीत बसते. कागद कधी "काय म्हणालात?" विचारत नाही.

हे म्हणाले, "एवढं कापड धरणार कोण?"

म्हटलं, तुम्ही. दुसरं कोण? आयुष्यभर माझ्या कापडाचं दुसरं टोक यांनीच धरलंय. टपाल वाटून यायचे, पिशवी खुंटीला, आणि टोक हातात.

९ फेब्रुवारी

मखमलीची थानं आली. जिन्यावरून वर चढवताना यांच्या तोंडून एकेक शब्द निघाले ते इथे लिहीत नाही.

कारखान्यातलं मोठं टेबल पुसून घेतलं, वर स्वच्छ चादर अंथरली आणि मखमल उलगडली. काय रंग! हात वरून खाली फिरवला की चकचकीत, खालून वर फिरवला की काळपट. लवेची गंमतच ही. एक पट्टा चुकून उलटा लागला तर दिव्यात तो वेगळ्याच थानातला वाटेल. म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या मागे खडूने बाण काढायचा, लव खाली. यांना तीनदा बजावलं. हे म्हणाले, "चाळीस वर्षं पत्ते वाचलेत, बाण वाचता येतो मला."

मला कुणी शिकवलं नाही हे काम. उसवून शिकले. जुना सोफा आला की आधी उसवायचा, कुठला टाका कुठे गेलाय ते बघायचं, आणि तसाच परत घालायचा. आता पडदा उसवून बघायला मिळणार नाही. थेट शिवायचा.

१३ फेब्रुवारी

उद्या पाच वर्षं पुरी. हॉस्पिटलात जायचंय. झोप लागतेय कसली, पण लावते.

१४ फेब्रुवारी

बाकावर शिट्टीमास्तर भेटले. भेटणारच. आमच्या दोघांच्या तारखा पहिल्यापासून आगेमागे. त्यांचा कंठ काढला, माझा गाल, महिन्याभराच्या अंतराने. शाळेत कवायतीचे मास्तर होते, जन्मभर शिट्टी फुंकली. आता गळ्याला भोक आहे, बोलायचं असलं की त्यावर बोट दाबतात, आणि बोट जरा सरकलं की शिट्टी! स्वतःच हसतात. "बघ ठिगळताई, सरकारी शिट्टी परत केली, ही खाजगी."

ठिगळताई मी. माझ्या गालाला आतून ठिगळ आहे, हाताच्या कातडीचं. त्यावर केस उगवतात. तोंडात! मास्तर म्हणतात, न्हाव्याला जीभ दाखवायची वेळ आली तुझ्यावर.

आत डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून सगळं तपासलं. तोंड माझं दोनच बोटं उघडतं, त्यातूनच आरसा घातला, मान चाचपली. म्हणाल्या, "आजी, छान आहे. जागा एकदम स्वच्छ."

मी म्हटलं, पाच वर्षं झाली. म्हणजे सुटले ना?

"जुन्या आजाराकडून जवळजवळ सुटलात," त्या म्हणाल्या. मग पुढे बरंच बोलल्या. की जुना परत यायची भीती वर्षागणिक कमी होते, पण नवा होण्याची होत नाही. घशात, अन्ननलिकेत, फुप्फुसात. इतकी वर्षं घेतलेली तंबाखू काही एकट्या गालाला लागली नव्हती, तिचा रस नि धूर सगळ्या वाटेने गेलाय. एक बारीक कॅमेरा घालून आतून बघून घेऊ. छातीचा फोटोही काढू. सहा मार्चची तारीख लिहून दिली.

खरं सांगू? माझे कान "जवळजवळ सुटलात"लाच बंद झाले होते. बाहेर येऊन मास्तरांना दोन्ही अंगठे दाखवले. त्यांनी शिट्टी मारली. नर्स ओरडली.

१६ फेब्रुवारी

लेक आली होती. शाळेची बस चालवते, ती लावून थेट इकडेच. केक आणला, मऊ, मला खाता येईल असा. वर पाचची मेणबत्ती! बाप-लेकीने टाळ्या वाजवल्या. हे तर म्हणाले, "पाच वर्षांची झाली आमची ठमी, आता शाळेत घालू." इतक्या दिवसांनी यांना असं मोकळं हसताना पाहिलं. पाच वर्षं हा माणूस मी खोकले की वर्तमानपत्र खाली ठेवायचा.

अशात सहा मार्चचं कुणी काढावं? छातीचा फोटो परवाच उरकला, तो स्वच्छ आला, तेवढं सांगितलं. कॅमेऱ्याचं नाही सांगितलं. कालच हॉस्पिटलात फोन करून मी "कामात आहे, नंतर येते" म्हणाले. पलीकडची मुलगी "काय म्हणालात?" "काय म्हणालात?" करत होती. शेवटी समजलं तिला.

नंतर म्हणजे पडदा झाल्यावर. मला काही होत नाहीये. गिळताना अडकत नाही, दुखत नाही.

२१ फेब्रुवारी

मखमल सरकते! खालची स्थिर, वरची चालती, बोटभर पुढे जाऊन बसते. दोन पट्टे उसवले. आता आधी हाताने कच्चा टाका, मग मशीन. वेळ लागतो, पण टीप अशी येते की बघत बसावं.

२७ फेब्रुवारी

मास्तर कारखान्यात आले. दारात उभे राहून पडद्याकडे बघतच राहिले. मग बोट गळ्यावर — "एवढ्यात माझ्या शाळेच्या सगळ्या पोरांचे गणवेश झाले असते."

चहा पिता पिता विचारलं, "कॅमेरा कधी तुझा?"

म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं? तर म्हणे, पाच वर्षांवाल्या सगळ्यांनाच सांगतात. हे खाली दूध आणायला गेले होते म्हणून बरं. मी म्हटलं, पाच वर्षं झाली की संपलं. मी सोफ्याला पाच वर्षांची हमी देते, मला ठाऊक आहे पाच वर्षं म्हणजे काय.

मास्तर इतके हसले की शिट्ट्याच शिट्ट्या! "अगं, हमी संपते म्हणजे काय? गिऱ्हाईक सहाव्या वर्षी फाटका सोफा घेऊन आलं तर काय सांगतेस त्याला?"

सांगते की आता तुमचं तुम्ही बघा.

"मग!" म्हणाले. "तुझी हमी संपलीय, बाई. आता तुझं तू बघ."

राग आला मला. हसूही आलं, पण राग जास्त. म्हटलं, तुमचं झालं का?

"केव्हाच! जानेवारीतच. नवी कोरी नळी निघाली. खुर्चीत बसवतात, गोड फवारा मारतात, आईस्क्रीमसारखा, आणि तू 'अ' म्हणेपर्यंत बाहेर. काही वाटत नाही."

हे दूध घेऊन वर आले आणि मास्तर चटकन पडद्यावर बोलायला लागले. मनाने भला माणूस.

५ मार्च

एक पाखं पुरं! चुण्या धरून झाल्या, वरची पट्टी लागली, साखळी दुमडीत गेली. जिन्याच्या कठड्यावरून खाली सोडून पाहिलं. साखळीच्या वजनाने कापड असं सरळ पडलं की शेजारीण भांडी टाकून बघायला आली. हे खाली उभे राहून म्हणाले, "तिसरी घंटा! पडदा वर!" आणि मी वरून ओढतेय, ओढतेय, कुठला वर येतोय! दोघंही जिन्यात बसलो हसत.

खांदे भरून आलेत. मजा येतेय. इतकी मजा तरुणपणीसुद्धा आली नव्हती.

८ मार्च

आज नाट्यगृहात मापं परत ताडायला गेले होते. जे झालं ते नीट लिहून काढते, म्हणजे डोक्यात बसेल.

मधला पडदा नवा, पण दोन्ही अंगांचे बाजूचे पडदे जुनेच ठेवायचं चाललं होतं. होऊनजाईल मला विंगेत घेऊन गेला. वर एक उंच झरोका, त्याची फळी कधीची निघालेली, आणि तिथून ऊन थेट त्या पडद्यावर. मध्यभागी एक जागा फाटलेली. कुणीतरी पूर्वी तिथे ठिगळ लावलंय. काम चोख! दुहेरी टाका, कडा आत दुमडलेल्या. मी त्या अनोळखी हाताला मनातल्या मनात शाबासकी दिली.

"हे बघा, ठिगळ अजून शाबूत आहे," होऊनजाईल म्हणाला. "थोडं झटकलं, धुतलं, की होऊन जाईल ना?"

मी ठिगळाच्या शेजारी दोन बोटांनी कापड धरलं आणि जरासं ताणलं. जरासंच. फर्रकन आवाज झाला. मग वीतभर लांब धरलं, तिथेही तेच. वर धरलं, खाली धरलं. हात लावीन तिथे भुगा. ठिगळ मात्र जसंच्या तसं!

बिचाऱ्याचं तोंड बघवेना. मी माझ्या बटाट्याच्या आवाजात त्याला समजावायला लागले, सगळ्या गिऱ्हाइकांना सांगते तसंच, हजारदा सांगितलंय. की साहेब, ऊन एकाच जागी पडत नाही. फाटतं आधी एका जागी, एवढंच. ज्या उन्हात ती जागा तापली त्याच उन्हात शेजारचं कापडही तापलंय. ठिगळाचा दोष नाही, ठिगळ छानच आहे. पण ठिगळ लावलं म्हणून बाकीचं कापड नवं होत नाही. ते वर्षातून दोनदा हात लावून बघावं लागतं —

आणि बोलता बोलता माझा हात गालाला गेला.

तिथेच उभी राहिले. होऊनजाईल विचारतोय, "बाई, काय झालं? पाणी आणू?" डॉक्टरीणबाईंचं बोलणं, जे त्या दिवशी कानावरून गेलं होतं, ते एकेक शब्द परत ऐकू आलं. सगळ्या वाटेने गेलाय. सगळ्या वाटेने. माझीच तर भाषा बोलत होती ती डॉक्टरीण पोरगी, आणि मला कळली नाही!

बाजूचे पडदेही नवे करायचं ठरलं. ते दुसऱ्या कुणाकडून घ्या म्हटलं, माझ्याने एवढ्यात व्हायचे नाहीत.

९ मार्च

यांना सगळं सांगितलं. सहा तारखेचं, फोनचं, सगळं. वाटलं होतं चिडतील. चिडले नाहीत, उठून खिडकीशी गेले नि पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "केक खाताना तुझ्या पोटात हे होतं?"

हो म्हटलं.

"आणि मी ठमी ठमी करत होतो."

मग मात्र चिडले. फोन माझ्या हातात दिला, मग काढून घेतला — "तुझं बोलणं त्यांना कळायला संध्याकाळ होईल" — आणि स्वतःच बोलले. बोलताना टपालातला जुना आवाज लावला, साहेबाशी बोलायचा. चौदा मार्चची एक जागा रिकामी आहे म्हणे, नाहीतर थेट मे.

चौदा मार्चला पडदा टांगायचाय!

म्हटलं, मे. आता दोन महिन्यांनी काय होतंय?

हे म्हणाले, "पडदा मी टांगतो."

घरातल्या तसबिरी वाकड्या टांगणारा माणूस!

"बाण खाली. मला माहीत आहे. तू जा."

१२ मार्च

दुसरं पाखं पुरं! टेबल रिकामं दिसतंय, लाल लव सगळ्या घरात. चहात पण निघाली.

लेकीला सांगितलं. ती आधी तणतणली. मग म्हणाली, चौदाला बसची बदली घेते, मी नेते तुला. "पण आई, परत असं लपवलंस तर तुला बसमध्ये पोरांबरोबर बसवून गावभर फिरवीन."

१४ मार्च

हातात पेन धरवतंय तोवर लिहिते.

मास्तरांचं एकही खरं निघालं नाही! खुर्ची नव्हती, डाव्या कुशीवर झोपवलं. फवारा गोड? कडूजहर! घसा असा बधिर झाला की स्वतःची थुंकी गिळता येईना. माझं तोंड उघडत नाही म्हणून पेन्सिलीहून बारीक नळी नाकातून घातली. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. लेक माझ्या पायाचा अंगठा घट्ट धरून बसली होती, तिला तेवढाच सापडला.

पण बघायला मिळालं! डॉक्टरीणबाईंनी टीव्हीसारखा पडदा माझ्याकडे वळवला. मी म्हटलं, आज दोन पडदे! त्यांना कळलं नाही, लेकीला कळलं. आतून मी गुलाबी आहे, ओली, चकचकीत. इतकं सुंदर काही आपल्या आत असतं आणि आपण त्यावरून गरम चहा ओततो.

मग त्यांनी एक तपकिरी औषध फवारलं. म्हणाल्या, चांगली जागा रंग धरते, बिघडलेली धरत नाही. अहो, हे तर आमचंच! तेलाचा डाग पडलेलं कापड रंगात बुडवलं की तेवढी जागा कोरी राहते. सगळं तपकिरी झालं, सगळं, आणि अन्ननलिकेच्या खालच्या अंगाला एक ठिपका. लहान बटणाएवढा. पांढरट. कोरा.

मला तो आधी दिसला, त्यांच्या बोटाच्याही आधी.

तुकडा काढून तपासणीला दिला. छातीत जळजळ होतेय, औषधाची.

घरी आले तर हे दारात, धुळीने भरलेले, डोळे चमकताहेत. "लागला! सरळ लागला! मास्तर खाली उभे राहून शिट्टीवर हुकूम देत होते, एक शिट्टी वर, दोन शिट्ट्या खाली, आणि होऊनजाईल रडला!" मग माझ्या नाकाला लावलेली पट्टी दिसली.

मी बटणाचं सांगितलं. यांनी माझा हात धरला. त्यांच्या हाताला लाल लव चिकटली होती.

१७ मार्च

मास्तर आले तर त्यांना चांगलं धारेवर धरलं. म्हटलं, कुठल्या हॉस्पिटलात मिळतो हो गोड फवारा? खुर्चीत बसवतात म्हणे!

"माझ्या वेळी होतं तसं," म्हणाले. "आता बदललं असेल." नंतर चहा अर्धा ठेवून गेले. बटणाचं सांगितल्यापासून त्यांचं थट्टेत लक्ष नव्हतं.

२० मार्च

कॅन्सरच आहे. नवा. जुन्याचा भाऊबंद नाही, त्याचा त्याचा स्वतंत्र.

डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं. अन्ननलिकेचं कापड थराथरांचं असतं, हा अगदी वरच्या थरात आहे, खाली उतरलेला दिसत नाही. पोट फाडायचं नाही, छाती फाडायची नाही. तशाच कॅमेऱ्याच्या नळीतून जाऊन तेवढी जागा सोलून काढू. म्हणजे अस्तराला धक्का न लावता वरची मखमल, असं मी म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं, "काय म्हणालात?" आणि कळल्यावर हसल्या. "बरोब्बर, आजी."

मी विचारलं, मेमध्ये आले असते तर?

म्हणाल्या, "आत्ता आलात ना?"

लेक गाडीत रडली. मी रडले नाही. कशी कोण जाणे, मला एकदम उजेड पडल्यासारखं झालंय. पाच वर्षं मी पाठीमागे बघत होते, तो परत येतोय का म्हणून. तो येणारच नव्हता. दुसराच पुढून येत होता, आणि आम्ही त्याला दारातच पकडला!

२२ मार्च

उद्घाटन! आम्हाला तिसऱ्या रांगेत बसवलं. दिवे मंदावले, पडद्यावर खालून उजेड पडला आणि सगळ्या सभागृहातून एक "अहा" निघाला. नाटकाला नाही, नट अजून आलेच नव्हते. माझ्या मखमलीला!

सगळ्या पट्ट्यांची लव एका दिशेने. मी एकेक चुणी तपासत गेले. उजव्या पाख्यात खाली एक जागा जराशी ओढलीय. मलाच दिसली.

मग तो वर गेला, असा सळसळत, जसा मोठा श्वास घ्यावा. यांनी माझ्या कानात विचारलं, "घाबरलीस?" कशाबद्दल विचारलं ते दोघांनाही माहीत होतं. मी म्हटलं, नाही हो. खरंच नव्हते. पोटात बटण घेऊन बसले होते आणि जागची उठून नाचावंसं वाटत होतं.

२९ मार्च

काल ते बटण काढलं. झोपवूनच केलं, काही कळलं नाही. दोन दिवस नुसतं पाणी नि सूप. हे प्रत्येक चमच्याला फुंकर घालतात, गार झालेल्यालासुद्धा.

८ एप्रिल

रिपोर्ट आला. कडा स्वच्छ! सगळ्या बाजूंनी स्वच्छ, खालून स्वच्छ! पुरतं निघालं!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तीन महिन्यांनी परत कॅमेरा, मग सहा महिन्यांनी, मग असंच. किती वर्षं? म्हटलं. तर हसून म्हणाल्या, "पडदा किती वर्षं तपासता तुम्ही?"

टांगलेला असेल तोवर.

हे घरी येताना रस्त्याने गुणगुणत होते. यांना सूर नाही. ऐकत राहावंसं वाटलं.

१० एप्रिल

सकाळी मास्तर दारात. आत येईनात. चप्पलही काढली नाही. बोट गळ्यावर ठेवलं, काढलं, परत ठेवलं.

"ठिगळताई, मी गेलोच नव्हतो. जानेवारीत तारीख दिली होती, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. गेले काही दिवस घास अडकतोय."

मी विचारलं, आता तारीख कधीची?

"आजची. मागून घेतली. एकटा गेलो तर फाटकातून परत येईन."

इस्त्री बंद केली. यांना म्हटलं, जेवून घ्या. चप्पल पायात घातली.